तीस वस्तूंच्या पलीकडचे दुकान: ऑस्ट्रेलियाच्या आदिवासी व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय सिनेटर मॅलार्नडिरी मॅकार्थी,
आदिवासी व्यवहार मंत्री, ऑस्ट्रेलिया सरकार, कॅनबेरा

विषय: दुर्गम आदिवासी वस्त्यांमधल्या दुकानांतले अन्नाचे भाव

महोदया,

सादर नमस्कार.

मी परिचारिका आहे. मूळची परतवाड्याची. आता डार्विनला राहते आणि कामासाठी नॉर्दर्न टेरिटरीतल्या आदिवासी वस्त्यांच्या दवाखान्यांत जाते, कधी महिनाभर, कधी त्याहून जास्त. या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे गेली आहे. मराठीत ते सर्वांसमोर ठेवते आहे, कारण मेलबर्न, सिडनी, ब्रिस्बेनमध्ये माझ्या भाषेची हजारो माणसे राहतात, कर भरतात, मत देतात. त्यांच्यातल्या फार थोड्यांनी असे दुकान आतून पाहिले आहे. त्यांनी हे वाचावे आणि आपापल्या खासदाराला विचारावे, अशी माझी इच्छा आहे.

२०२५ च्या फेब्रुवारीत आपल्या सरकारने जाहीर केले की दीडशेहून अधिक दुर्गम दुकानांत ३० अत्यावश्यक वस्तू शहरातल्या भावाने मिळतील. त्या निर्णयाने मला मनापासून आनंद झाला होता आणि आजही ती योजना बंद पडू नये असेच मला वाटते. पण तेव्हापासून ज्या बैठकीला बसावे तिथे ‘भावांचा प्रश्न आता मार्गी लागला’ असे ऐकू येते. महोदया, तो मार्गी लागलेला नाही. तीस वस्तूंच्या पलीकडचे अख्खे दुकान होते तिथेच आहे. भाव ज्या कारणांनी चढतात, त्यांतल्या एकाही कारणाला या योजनेने हात लावलेला नाही. मी गप्प बसले तर दवाखान्यात रोज जे बोलते त्याला काही अर्थ उरणार नाही, म्हणून हे पत्र.

हे दुकान कसे असते ते आपल्याला सांगायला नको; आपण बोरोलूला या दुर्गम गावच्या आहात. हे मी माझ्या वाचकांसाठी लिहिते आहे. पत्र्याची एक लांबलचक इमारत, दारांना आणि खिडक्यांना लोखंडी जाळ्या. वस्तीत हे एकच दुकान. पैसे काढायचे यंत्र त्यातच, कपडे त्यातच, डायपर आणि मासेमारीचा दोरा त्यातच. माल आठवड्यातून एकदा येतो, समुद्राकाठी बार्जने (सपाट तळाच्या मालवाहू बोटीने), आतल्या भागात ट्रकने. आला की दुसऱ्या दिवशी फळभाज्यांचा थंड कप्पा भरलेला असतो आणि सकाळपासून बायका-पोरांची गर्दी असते. पाच-सहा दिवसांनी त्याच कप्प्यात कांदे, बटाटे, सुरकुतलेली गाजरे आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कोबीचा अर्धा गड्डा उरतो, ज्याची कापलेली बाजू काळी पडलेली असते. काउंटरशेजारच्या गरम कपाटात मात्र तळलेली कोंबडी आणि चिप्स रोज ताजे.

माझ्या एका रुग्ण आजींना मधुमेह आहे. दवाखान्यात मी त्यांना भाज्यांची यादी दिली होती. नंतर एकदा आम्ही दोघी दुकानात समोरासमोर आलो. त्यांनी टोमॅटोची पिशवी उचलली, फळीवरची किंमत वाचली आणि पिशवी जागेवर ठेवली. टोपलीत पांढरा पाव, पीठ आणि खारवलेल्या मांसाचे डबे गेले. माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘घरात आठ जण आहेत, सिस्टर.’ त्यांना काय खायला हवे ते चांगले ठाऊक होते. मी दिलेली यादी त्यांनी घडी करून पाकिटात ठेवलेली होती.

मध्य ऑस्ट्रेलियातल्या दुर्गम वस्त्यांमध्ये प्रौढ आदिवासींपैकी सुमारे ४० टक्क्यांना मधुमेह आहे. मूत्रपिंडे निकामी झालेली माणसे डायलिसिससाठी शेकडो किलोमीटर दूर, ॲलिस स्प्रिंग्जला किंवा डार्विनला जाऊन राहतात आणि घरची वाट बघत तिथेच म्हातारी होतात. कित्येकांचे शेवटचे दिवस परमुलखात जातात. त्या आजारांचा सगळा दोष दुकानावर टाकण्याइतकी मी भोळी नाही. पण नॉर्दर्न टेरिटरीच्या सरकारने वर्षानुवर्षे केलेली पाहणी उघड आहे: सकस अन्नाची तीच टोपली शहरातल्या सुपरमार्केटपेक्षा दुर्गम दुकानात साधारण दीडपट महाग पडते. आणि ती टोपली विकत घेणाऱ्यांचे उत्पन्न देशात सर्वांत कमी आहे.

आता भाव असे का, यावर बोलते. कारण ‘अंतर’ या एका उत्तरावर सगळे थांबतात आणि अंतराला कोणी जबाबदार नसतो.

अंतर आहेच. दक्षिणेकडचा माल ॲडलेडहून सुमारे ३,००० किलोमीटर ट्रकने किंवा रेल्वेने डार्विनला येतो. तिथे उतरतो, शीतगृहात जातो, पुन्हा कंटेनरमध्ये भरला जातो, बार्जवर चढतो आणि आर्नहेम लँड या आदिवासी प्रदेशाच्या किनाऱ्याने एकेका वस्तीला थांबत जातो. प्रत्येक चढ-उतारीचे पैसे, प्रत्येक रात्रीच्या थंडाव्याचे पैसे, डिझेल महागले की त्याचा वेगळा अधिभार. परतीला कंटेनर रिकामे, कारण वस्तीतून बाहेर पाठवायला माल नसतो. म्हणजे येण्या-जाण्याचे दोन्ही भाडे एकाच बाजूच्या सामानावर चढते. त्यातच नोव्हेंबर ते एप्रिल पाऊस. ईस्ट ॲलिगेटर नदी चढली की काहिल्स क्रॉसिंग पाण्याखाली जाते आणि गनबलान्या वस्तीचा रस्ता महिनोन्‌महिने तुटतो. मग दूध आणि भाजी विमानाने.

पण महोदया, यांतले काय निसर्गाने दिलेले आहे आणि काय माणसांनी ठरवलेले? बास सामुद्रधुनी ओलांडावी लागते म्हणून तस्मानियाच्या उद्योगांना संघराज्य सरकार १९७६ पासून मालवाहतुकीचा फरक भरून देते. ते योग्यच आहे. बेटावरच्या माणसाला समुद्राचा दंड का बसावा? मग एल्को बेटावरच्या गालिविनकूला तोच समुद्र का मोजला जात नाही? तिथे तर उद्योग नाही, लहान मुलांचे जेवण आहे. आणि डार्विनहून बार्जने माल नेणाऱ्या दोन मोठ्या कंपन्यांपैकी एकीचा धंदा दुसरीने घ्यावा, याला देशाच्या स्पर्धा आयोगाचा विरोध होता. २०१६ मध्ये न्यायाधिकरणाने त्याला मंजुरी दिली. त्यामागची कारणे असतील. पण ज्या किनाऱ्यावर पर्याय जवळजवळ उरला नाही, तिथल्या भाड्यावर सरकारने त्यानंतर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायला हवे होते.

दुसरे कारण घाऊक खरेदीचे, आणि माझ्या मते सर्वांत मोठा अन्याय इथे आहे. या देशात किराण्याचा सुमारे दोन तृतीयांश बाजार दोन साखळ्यांच्या हातात आहे. त्या ज्या भावाने माल उचलतात, त्या भावाने सहाशे-सातशे लोकवस्तीच्या दुकानाला तो कधीच मिळत नाही. तिथल्या व्यवस्थापकांकडून मी अनेकदा ऐकले आहे की घाऊक व्यापाऱ्याने त्यांना लावलेला दर शहरातल्या सुपरमार्केटच्या आठवड्याच्या सवलतीच्या दरापेक्षाही जास्त असतो. म्हणजे ट्रकचे चाक फिरण्याआधीच वस्तू महाग झालेली असते! अंतराचा यात काडीचाही संबंध नाही. हा सौदा बसून ठरवलेला असतो, आणि सरकारने मनावर घेतले तर तो बसूनच बदलता येईल. पुरवठादार मोठ्या खरेदीवर मागाहून जी सूट देतात, ती कोणाच्या खिशात राहते आणि फळीवरच्या किमतीपर्यंत किती पोचते, हे गिऱ्हाइकाला कळण्याची आज काही सोय नाही.

तिसरे, दुकान चालवण्याचा खर्च. चाळीस अंशांच्या उन्हात फ्रीज चालतात, वीज डिझेलच्या जनित्रावरची. एखादे कॉम्प्रेसर बिघडले तर मेकॅनिक विमानाने येतो आणि तोवर हजारो डॉलरचा माल फेकला जातो. व्यवस्थापक बाहेरून आणायचा, त्याला घर द्यायचे, तो दीड-दोन वर्षांत जातो. स्थानिक तरुणांना पुरेसे प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडे दुकान सोपवण्याचे काम जिथे झाले तिथे बरे चालले आहे. पण ते फार थोड्या ठिकाणी झाले.

दुकानदार लुटारू आहेत असे मी म्हणत नाही. संसदेच्या समितीने २०२० मध्ये चौकशी केली तेव्हा तिनेही सरसकट नफेखोरीचा ठपका ठेवला नाही. काही दुकाने तर वस्तीच्या मालकीची आहेत आणि नफा तिथेच फिरतो. आर्नहेम लँडमधली आदिवासींच्या मालकीची एक संस्था १९७२ पासून दुकाने चालवते आणि फळे-भाज्यांच्या वाहतुकीचा खर्च स्वतः सोसते. तिच्या वीस दुकानांत २०१८ मध्ये एक प्रयोग झाला: गोड पेयांची आणि मिठायांची जाहिरात, दर्शनी मांडणी कमी केली. साखरेची विक्री घटली आणि दुकानाचा धंदा बुडाला नाही. त्याआधी वीस वस्त्यांमध्ये फळे-भाज्यांवर २० टक्के सवलत देऊन पाहिली, तर त्यांची खरेदी सुमारे १३ टक्क्यांनी वाढली. ‘त्या लोकांना भाजी नकोच असते’ असे डार्विनच्या पार्ट्यांमध्ये मला जे ऐकवतात, आणि त्यात आपली मराठी माणसेही असतात, त्यांना एवढे उत्तर पुरेसे आहे. पीठ, साखर आणि चहा ही या लोकांची आवड नव्हती. गुरांच्या मळ्यांवर आणि मिशनांमध्ये पगाराऐवजी त्यांच्या हातावर तेच ठेवले जात होते. १९६६ मध्ये वेव्ह हिलच्या मळ्यावरून गुरिंजी आदिवासी उठून चालू लागली त्यामागे जमिनीइतकाच त्या शिध्याचाही अपमान होता.

माझी तक्रार सरकारच्या विसराळूपणाची आहे. २००९ मध्ये संसदेच्या समितीने दुर्गम दुकानांवर सविस्तर अहवाल दिला. त्याच वर्षी केंद्र आणि राज्यांनी मिळून अन्नसुरक्षेचे राष्ट्रीय धोरण मान्य केले. पाच वर्षांनी महालेखापरीक्षकांनी त्याची अंमलबजावणी तपासली आणि ती अपुरी ठरवली. २०२० मध्ये पुन्हा समिती, पुन्हा १६ शिफारशी, त्यांत भावांवर सतत, त्या-त्या क्षणी नजर ठेवणारी आणि ते जाहीर करणारी यंत्रणा उभारा अशी स्पष्ट सूचना. आता पुन्हा दहा वर्षांचे नवे धोरण. पहिल्या अहवालाच्या वर्षी जन्मलेली मुले आता पंधरा वर्षे ओलांडून गेली आहेत. त्यांच्यातल्या काहींच्या रक्तातली साखर मीच तपासली आहे, आणि त्या वयात जो आकडा दिसू नये तो पाहिला आहे.

याच काळात एक गोष्ट हातातून निसटली. टेरिटरीतल्या वस्त्यांच्या दुकानांना संघराज्य सरकारचा परवाना लागत असे. २००७ मध्ये संघराज्य सरकारने या वस्त्यांवर खास कायदे लादले, त्या हस्तक्षेपातून ती पद्धत आली होती, लोकांच्या पैशांवर बंधने घालणाऱ्या कार्डांशी जोडलेली होती आणि म्हणून ती अनेकांना सलत होती. पण त्या परवान्यामुळे दुकानात ताजा माल आहे का, तो कसा ठेवला जातो, हे बघायला कोणीतरी अधिकाराने येत असे. जुलै २०२२ मध्ये तो कायदा मुदत संपून गेला. बंधने गेली ते बरेच झाले. अन्नाच्या दर्जाची तपासणी त्याबरोबर जायची काय गरज होती?

भाव ही एक बाजू; खिसा ही दुसरी, आणि तिच्याबद्दल कॅनबेरात फारसे कोणी बोलत नाही. दुर्गम भागात राहणाऱ्या आणि सरकारी आधारावर जगणाऱ्या एकट्या माणसाला जादा महागाईपोटी पंधरवड्याला १८ डॉलर २० सेंट भत्ता मिळतो. हा दर २००० साली ठरला. या पंचवीस वर्षांत दूध, पेट्रोल, वीज, बार्जचे भाडे सगळे वाढले, आपल्या संसदेतल्या सभासदांचे वेतनही वाढले. हा भत्ता मात्र होता तिथे आहे. आज त्या १८ डॉलरांत वस्तीच्या दुकानातून काय येते ते आपण एकदा स्वतः टोपली घेऊन पाहावे, एवढी माझी विनंती आहे.

आणि आणलेले अन्न टिकवायचे कुठे? या वस्त्यांमध्ये बहुतेक घरांना वीज आधी पैसे भरून घ्यावी लागते. शिल्लक संपली की मीटर बंद. २०१८-१९ मध्ये टेरिटरीतल्या २८ दुर्गम वस्त्यांमधल्या सुमारे ३,३०० घरांचा अभ्यास झाला. त्यांतल्या ९१ टक्के घरांची वीज वर्षात एकदा तरी अशी गेली होती. अतिशय उष्ण दिवशी ती जाण्याची शक्यता तिनात एक इतकी होती. ऐन उन्हाळ्यात घरात वीज नाही म्हणजे फ्रीजमधले मांस गेले, दूध गेले, आणि इन्सुलिनही गेले. माझे रुग्ण इन्सुलिन दवाखान्याच्या फ्रीजमध्ये ठेवायला आणतात. कोंबडी कुठे ठेवणार? मग जे रोजच्या रोज दुकानातून गरम मिळते तेच घेतले जाते, आणि तेच सर्वांत महाग आणि सर्वांत निकस. स्वस्त भाजी दुकानात आली तरी घरात ती एक दिवस टिकली पाहिजे. अन्नाचे धोरण आखणाऱ्यांनी विजेचे मीटर आपल्या कक्षेबाहेर ठेवले, हे मला अजिबात पटलेले नाही.

इथे मी माझ्या मुलखाबद्दल थोडे सांगते. परतवाडा हे मेळघाटच्या पायथ्याचे गाव. शिकत असताना आणि नंतर नोकरीतही मी धारणीकडच्या कोरकू गावांमध्ये काम केले आहे. मेळघाटात सगळे ठीक आहे असे कोणी म्हणणार नाही. तिथल्या बालमृत्यूंवर मुंबई उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे सुनावण्या चालल्या आहेत, रेशन दुकानांतला काळाबाजार आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे. तरीही एक गोष्ट त्या व्यवस्थेने मुळातच मान्य केली आहे: रास्त भावाच्या दुकानातले धान्य अमरावती शहरात ज्या दराने, त्याच दराने डोंगरातल्या शेवटच्या गावात. तिथपर्यंतच्या वाहतुकीचा खर्च सरकारचा, कार्डधारकाचा नाही. आणि पावसाळ्यात तुटणाऱ्या गावांमध्ये, गडचिरोलीत पर्लकोटा चढली की भामरागड तुटते तशा ठिकाणी, पाऊस सुरू व्हायच्या आधीच चार महिन्यांचे धान्य पोचवून ठेवायचे, हे १९९५ च्या नवसंजीवनी योजनेपासून कागदावर आणि पुष्कळ अंशी प्रत्यक्षातही आहे. ते काम करणारा महाराष्ट्र हा ऑस्ट्रेलियाच्या तुलनेत गरीब आहे. तिथे जी जबाबदारी सरकारची समजली जाते, ती इथे आठ माणसांचे घर चालवणाऱ्या आजीच्या पाकिटावर कशी काय पडते?

आता मागण्या. त्या नव्या नाहीत. बहुतेक आपल्याच समित्यांच्या कागदांमध्ये सापडतील.

दुर्गम वस्त्यांकडे जाणाऱ्या अन्नाच्या वाहतुकीला कायमस्वरूपी मदत द्या. तस्मानियाला जसा कायमचा हक्क आहे तसा, निवडणुकीगणिक वाढवायचा-कमी करायचा निधी नको. तीस वस्तूंच्या यादीत प्रत्येक ताजे फळ, प्रत्येक ताजी भाजी, अंडी आणि ताजे मांस आले पाहिजे. आणि हे करताना कॅनडाची चूक टाळा. तिथल्या उत्तरेकडच्या वस्त्यांसाठी २०११ पासून अशीच अनुदान योजना आहे. २०१४ मध्ये त्यांच्या महालेखापरीक्षकांनी दाखवून दिले की अनुदान पूर्णपणे गिऱ्हाइकापर्यंत पोचते का, हे सरकारने तपासलेलेच नव्हते. म्हणून मदत आणि तपासणी एकाच दिवशी सुरू व्हावी: प्रत्येक दुकानाच्या बिलिंग यंत्रातले भाव महिन्याच्या महिन्याला सर्वांना पाहता येतील असे जाहीर करा. घाऊक दर, वाहतूक, दुकानाची भर, पुरवठादाराची मागाहूनची सूट, हे चारही आकडे वेगवेगळे दिसले पाहिजेत. २०२० च्या समितीने सुचवलेली नजर यासाठीच होती.

दुर्गम दुकानांची खरेदी एकत्र करून घाऊक व्यापाऱ्यांशी आणि गरज पडल्यास त्या दोन मोठ्या साखळ्यांशी सरकारने स्वतः दर ठरवून द्यावेत. सरकारच्या मालकीची दुकान-कंपनी २००६ पासून आहे. वस्त्यांच्या स्वतःच्या संस्था त्याहून जुन्या आणि अनुभवी आहेत. त्यांना एका टेबलाशी बसवा, आणि त्या टेबलाच्या मुख्य जागी वस्तीतली माणसे असू द्या. आमच्यासारखे बाहेरून आलेले नोकरदार बाजूला बसले तरी चालेल.

दुर्गम भत्ता २००० पासूनच्या महागाईइतका वाढवा आणि पुढे दरवर्षी आपोआप वाढेल अशी सोय करा. यासाठी नव्या अहवालाची गरज नाही, एका तरतुदीची आहे.

अति उष्णतेच्या दिवसांत प्रीपेड मीटर बंद पडू नये, असा नियम टेरिटरीच्या सरकारकडून करून घ्या. दक्षिणेतल्या शहरांत वीजग्राहकांना जे संरक्षण आहे त्याच्याहून जास्त काही मी मागत नाही.

आणि दुकानातल्या अन्नाचा दर्जा तपासण्याचा अधिकार कोणातरी एका यंत्रणेकडे कायद्याने द्या, लोकांच्या पैशांवर बंधने घालणाऱ्या कुठल्याही कार्डाशी न जोडता. पावसाळ्यापूर्वीच्या साठ्याची तपासणीही तिच्याकडेच असावी.

महोदया, आपल्याकडून माझी अपेक्षा इतर कोणत्याही मंत्र्यापेक्षा जास्त आहे हे मी लपवत नाही. २०२४ च्या मार्चमध्ये पुराने बोरोलूला रिकामे करावे लागले तेव्हा तिथली माणसे डार्विनला आली होती. रस्ता तुटला की काय होते हे आपल्याला ठाऊक आहे. ज्या खुर्चीवर यापूर्वी बहुतेकदा हा प्रश्न कागदावर वाचणारी माणसे बसली, तिथे आज तो जगलेली व्यक्ती बसली आहे. त्यामुळे ‘माहिती घेत आहोत’ हे उत्तर मला चालणार नाही.

पुढचा पावसाळा नोव्हेंबरमध्ये सुरू होईल. त्याआधी या मागण्यांपैकी कोणत्या आपण मान्य करता, कोणत्या नाही आणि का, हे लेखी कळवावे. आपले उत्तर येईल ते मी मराठीत जसेच्या तसे जाहीर करीन आणि ज्या वस्त्यांमध्ये काम करते तिथल्या दवाखान्यांच्या फलकावर इंग्रजीत लावीन.

आपली,
दुर्गम भागात काम करणारी एक मराठी परिचारिका
डार्विन, नॉर्दर्न टेरिटरी